फोटोच नाहीत, तर आठवणींची वही कशी करायची?

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा: आईचं सहस्रचंद्रदर्शन पाच आठवड्यांवर आलंय आणि तिला भेट म्हणून तुम्हाला घरीच एक स्क्रॅपबुक करायचंय. त्यात खिसे, उलगडणाऱ्या घड्या, पॉप-अप (उघडलं की उभी राहणारी कागदी चित्रं) असं सगळं हवंय. आईचं माहेर नारायण पेठेतलं. पानशेतच्या पुरात तिथलं सगळं गेलं, त्यामुळे तिचा लग्नाआधीचा एकही फोटो नाही. लग्नानंतरचे आहेत, पण ते दोन चिकट पानांच्या अल्बमांत अडकलेत. कागद कुठला, गोंद कुठला आणि आकार केवढा ठेवू, असं तुम्ही विचारलंय.

कागद-गोंदाचं सांगतेच. पण तुमची खरी अडचण तुम्ही जाता जाता लिहिलेल्या त्या एका वाक्यात आहे: लग्नाआधीचा एकही फोटो नाही. हातातल्या फोटोंमध्ये आई आहे ती सून म्हणून, तुमची आई म्हणून, मुलांची आजी म्हणून. त्याआधीची तिची वर्षं कोरी आहेत. नुसते हे फोटो छान मांडलेत तर तुमच्या घराचा देखणा अल्बम होईल आणि ज्या मुलीचा हा सोहळा आहे ती त्यात कुठेच दिसणार नाही. मी अठरा वर्षं पुण्यात लोकांच्या घरच्या आठवणींच्या वह्या बांधते आहे. पेठांमधल्या घरांकडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता काम हातात घेताना पहिला प्रश्न तोच विचारते: पुराआधीचं काही उरलंय का?

हजार पौर्णिमा म्हणजे साधारण २९,५३० दिवस, म्हणजे ८० वर्षं आणि १० महिने. या हिशोबाने १२ जुलै १९६१ ला, पानशेत फुटून पाठोपाठ खडकवासल्याची भिंतही गेली त्या दिवशी, तुमची आई सोळाच्या आसपास असणार. त्या वयापर्यंत ज्या घरात वाढलो ते घर माणूस डोळे मिटून चालू शकतो. फोटो वाहून गेले तरी घर अजून तिच्याकडे आहे. ते कागदावर उतरवणं हे तुमचं पहिलं काम. कात्री त्यानंतर.

अर्थात काही गोष्टी तुमच्या घरच्या परिस्थितीवर आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. आईला पुराबद्दल बोलायला आवडतं का? काही जणी तासन्‌तास सांगतात, काही जणी विषय निघाला की उठून जातात. ती उठून जाणारी असेल तर पूर विचारूच नका, फक्त घर विचारा. तिची नजर कशी आहे? मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असलं तरी बारीक अक्षर नको, गडद शाईने आणि निदान अर्ध्या इंचाच्या ओळींत लिहा. हात थरथरतात का? तसं असेल तर नाजूक पॉप-अप तिला स्वतःला उघडता येणार नाहीत, आणि भेट तर तिचीच आहे. शेवटचं म्हणजे, सोहळा तिला न कळवता करायचाय का? माझं स्पष्ट मत आहे की वही गुपित ठेवू नका. तिला विचारल्याशिवाय ही वही होणारच नाही.

आता घर कसं उतरवायचं ते. ‘तुझ्या लहानपणाबद्दल काहीतरी सांग’ असं म्हटलं की उत्तर दोन वाक्यांत संपतं. म्हणून मी नकाशा काढायला बसते. मोठा ड्रॉइंग पेपर, पेन्सिल, खोडरबर, आणि फोनवर रेकॉर्डिंग चालू. मग एकेक पाऊल विचारायचं. रस्त्यावरून आत येताना पायऱ्या किती? चपला कुठे काढायच्या? ओटीवर कोण बसलेलं असायचं? चौकात फरशी होती की शेणाने सारवायचे? बंब कुठे पेटायचा आणि त्याचा धूर कुणाच्या खोलीत शिरायचा? नळ एकच होता का, आणि पाण्यासाठी आधी कोण उभं राहायचं? रात्री कोण कुठे झोपायचं, आणि सकाळी अंथरुणं कुठे रचायची? अंथरुणांचा प्रश्न मी कधीच चुकवत नाही. त्यातून घरात नक्की किती माणसं होती, कुणाचं कुणाशी पटायचं, पाहुणे आले की काय व्हायचं, सगळं बाहेर येतं.

तुम्ही रेघा ओढत राहा, ती दुरुस्त करत राहील. ‘अगं नाही, माजघर एवढं मोठं कुठे होतं’ असं म्हणत ती पेन्सिल स्वतःच्या हातात घेईल, तिथे तुमचं काम संपलं असं समजा. तिच्या हातच्या त्या वाकड्या रेघा पुसून पट्टीने सरळ करू नका. तोच कागद वहीत जायला हवा.

शनिवार पेठेतल्या एका वाड्याची वही करताना दोन भावंडं, दोघंही सत्तरीच्या पुढची, आड चौकाच्या मधोमध होता की देवघराच्या कोपऱ्याला, यावर दीड तास वाद घालत बसली. मी दोन्ही नकाशे ठेवले. भावाचा खाली कागदावर, बहिणीचा त्यावर ट्रेसिंग पेपरवर, म्हणजे पान उलटलं की आड जागा बदलतो. समारंभात सगळ्यात जास्त वेळ लोक त्याच पानावर थांबले. तुमच्या आईची भावंडं असतील तर त्यांच्याकडूनही वेगवेगळे नकाशे काढून घ्या, आणि एकमेकांना आधी दाखवू नका.

नकाशासारख्याच आणखी काही गोष्टी फोटोशिवाय मिळतात. ती दारात काढायची ती ठिपक्यांची रांगोळी तिच्याकडूनच काढून घ्या. लग्नातला उखाणा तिच्या अक्षरात लिहून घ्या. आणि रेकॉर्डिंगमधून लिहून काढताना तिची वाक्यं तिच्याच बोलीत ठेवा. ‘बालपण आनंदात गेलं’ हे वाक्य कुणाच्याही वहीत बसतं. ‘नळ गेला की आई तांब्याने मोजून पाणी द्यायची’ हे फक्त तिचं आहे.

फोटोही एकदा शोधून बघा. त्या काळी लग्नामुंजीचे फोटो पाहुण्यांना पोस्टाने पाठवायचे, त्यामुळे पुण्यातली प्रत गेली तरी नाशिकच्या आत्याकडे किंवा सांगलीच्या मावशीकडे एखादी निघते. शाळेचा वर्गाचा फोटो वर्गमैत्रिणींकडे सापडतो. तीन-चार फोन करा, आठवडाभर वाट पाहा, नाही मिळालं तर सोडून द्या. पण जागा भरायची म्हणून जुन्या पुण्याचे छापील फोटो चिकटवू नका, त्यात ती नाही. फोनवरच्या अ‍ॅपने तिचा सोळाव्या वर्षीचा चेहरा बनवून लावायचा विचार असेल तर तोही सोडा. घरातल्या लहान मुलांना पुढे तोच खरा फोटो वाटेल.

आता चिकट अल्बम. वर पारदर्शक प्लॅस्टिक आणि खाली गोंदाचे पट्टे असलेले हे अल्बम एकेकाळी घरोघरी आले आणि फोटोंचं त्यांनी फार नुकसान केलं. गोंद वर्षांनुवर्षं पिवळा होत घट्ट होतो आणि प्लॅस्टिक वरून चिकटतं. काही काढण्याआधी प्रत्येक पान जसं आहे तसं कॅमेऱ्यात घ्या. फोटोंचा क्रम आणि शेजारी लिहिलेलं अक्षर, दोन्ही त्यात टिकतं. मग प्लॅस्टिक हळूच मागे करा आणि दात साफ करायचा साधा, बिनमेणाचा फ्लॉस फोटोच्या कोपऱ्याखाली घालून करवतीसारखा पुढे-मागे ओढत न्या. वाकवायचं ते अल्बमचं पान. फोटो सपाटच राहिला पाहिजे, कारण तो वाकला की वरच्या थराला तडे जातात आणि ते भरून येत नाहीत. केस वाळवायच्या ड्रायरने गोंद सैल होतो हे खरं, पण रंगीत फोटोवर मी तो वापरत नाही. एखादा फोटो निघतच नसेल तर ओढू नका. तिथेच स्कॅन करा आणि पानाचा तेवढा तुकडा फोटोसकट कापून घ्या. फ्रेममध्ये काचेला चिकटलेला फोटो असेल तर तो काचेतूनच स्कॅन करायचा.

स्कॅन ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) करा. छापताना ३०० पुरतं, म्हणजे छोटा फोटो दुप्पट मोठा करायला वाव राहतो. कृष्णधवल फोटो बहुतेक चांगले टिकलेले असतील. सत्तर-ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो मात्र तांबूस पडले असतील. ते अंधारात ठेवले तरी पडतात, त्यामुळे त्यांची घाई जास्त. नवे प्रिंट फोटो लॅबमधून काढा. घरच्या इंकजेटचे काही प्रिंट पाण्याचा एक थेंब पडला तरी ओघळतात, आणि ही वही समारंभात शंभर हातांतून जाणार आहे.

इथे माझा एक पक्का नियम: मूळ वस्तू पेटीत, प्रत वहीत. हा नियम मी चूक करून शिकले. सुरुवातीच्या वर्षांत एका घरचा आजोबांचा एकुलता एक फोटो मी पांढऱ्या गोंदाने थेट पानावर चिकटवला. एका पावसाळ्यात पान फुगलं, फोटोला लाटा आल्या. काढायला गेले तर चेहऱ्याचा वरचा थर पानालाच राहिला. त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. मला ते अजून लागतं. तेव्हापासून मूळ फोटो मी गोंदाने लावलेला नाही.

एक अपवाद करते. हाताच्या अक्षरातलं पत्र, पोस्टकार्ड, निळं अंतर्देशीय, याची छापील प्रत पाहून समाधान होत नाही. कागदाची घडी उलगडण्यातच त्याचं सगळं असतं. अशा वस्तूसाठी पानावर खिसा करा. तीन बाजू चिकटवलेल्या, वरून अर्धगोल कापलेला, म्हणजे बोटाने ओढून काढता येतं आणि परत ठेवता येतं. लग्नपत्रिकेवर हळद-कुंकवाचे ठिपके असतील तर तिच्यावर ट्रेसिंग पेपरचा तुकडा ठेवा. कुंकू समोरच्या पानावर उतरतं, आणि हळद उजेडात उडून जाते. मार्कशीट, रेशनकार्ड, दाखले यांच्या नुसत्या प्रती लावा. आणि काहीही लॅमिनेट करू नका, ते परत सोडवता येत नाही.

कागदाबद्दल: ‘अ‍ॅसिड-फ्री’ असं लिहिलेला, म्हणजे आम्ल नसलेला, १८० ते २२० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागद किती जाड-भारी याचं माप) पांढरट कागद पानांना घ्या. अप्पा बळवंत चौकात मिळेल. पाकिटावरच्या शब्दांवर भरवसा नसेल तर एक तुकडा अर्धा झाकून दोन आठवडे खिडकीत उन्हात ठेवा. उघडा भाग वर्तमानपत्रासारखा पिवळा पडला तर तो कागद परत करा. काळी पानं हवी असतील तर ओल्या कापसाने घासून पाहा. कापूस काळा झाला तर दमट हवेत तोच रंग फोटोंना लागणार. रंगीत कागद, रिबिनी, बटणं असल्या गोष्टींसाठी बोहरी आळीत जाल तेव्हा यादी घेऊन जा, नाहीतर निम्मं बजेट तिथेच संपतं.

दोन-चार पानं मात्र हातकागदाची घ्या. शिवाजीनगरला १९४० साली सुरू झालेली हातकागद संस्था आहे, तिथे सुती चिंध्यांपासून कागद होतो. पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दफ्तर पाहा. हाताने केलेला कागद, काजळीची शाई, सुती रुमालात बांधलेली बाडं, आणि दोन-अडीचशे वर्षांनी आजही मोडी वाचता येते. चिंधीच्या कागदात ती ताकद आहे. मी नकाशाचं पान नेहमी त्याच्यावर लावते. फक्त त्याचा पृष्ठभाग खरखरीत असतो, टोकदार निब अडकतं, म्हणून लिहायला पिगमेंट शाईचं जाड टोकाचं पेन घ्या. फोटोच्या मागे काही लिहायचं असेल तर मऊ पेन्सिलने, कडेला, दाब न देता.

गोंद म्हणाल तर फोटोंना गोंद लावूच नका, कागदाचे कोपरे करा. दोन सेंटिमीटर रुंद आणि चार लांब पट्टी घ्या, वरची दोन्ही टोकं मध्यावर खाली आणून त्रिकोण करा, विमानाचं नाक करतो तसं. असे चार कोपरे पानाला चिकटवा आणि फोटो त्यात सरकवा. उद्या कुणाला फोटो हवा झाला तर अलगद निघतो. कागदाला कागद चिकटवायला मी अजूनही खळ करते: एक भाग मैदा, पाच भाग पाणी, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायची, गार करून गाळून घ्यायची, फ्रीजमध्ये दोन दिवस चालते. खळ पातळ थरात लावा, कारण कसर तिच्यावरच येते. एवढी खटपट नको असेल तर अ‍ॅसिड-फ्री ग्लू स्टिक चालेल. पांढरा गोंद फक्त बांधणीच्या पाठीला. सेलोटेप आणि रबर सोल्यूशन घरातसुद्धा आणू नका. पावसाळी हवा असेल तर चिकटवलेलं प्रत्येक पान टिपकागदात घालून रात्रभर वजनाखाली ठेवा.

आकार ए-फोर आडवा. बारा बाय बारा इंचाची वही फोटोत छान दिसते, पण ऐंशी वर्षांच्या बाईच्या मांडीवर ती मावत नाही. चोवीस पानं पुरेत. स्क्रॅपबुक पुढच्या बाजूने फुगतं कारण पानांवर वस्तू चढतात आणि पाठ तेवढीच राहते. म्हणून प्रत्येक दोन पानांच्या मध्ये पाठीकडे जाड पुठ्ठ्याची दोन सेंटिमीटर रुंद पट्टी घाला. स्क्रूची बांधणी करा, म्हणजे नंतर पान वाढवता येतं. कव्हरला आईच्या जुन्या सुती साडीचा तुकडा, मागून खळीने पातळ कागद लावून ताठ केलेला.

पॉप-अप तुम्हाला फार हवेत असं दिसतं. मी एकच करायला सांगेन, तोही वहीच्या बाहेर, स्वतंत्र कार्डावर. समारंभात पहिल्या तासात पॉप-अप फाटतात, आणि त्यांच्यापायी शेजारची पानंही जातात. वाड्याचं दार करा. कार्डाचं तोंड दोन पल्ल्यांचं, त्यातल्या एका पल्ल्यात छोटा दिंडी दरवाजा कापलेला, तो आधी उघडायचा आणि वाकून आत बघायचं. आत नव्वद अंशात उघडणारी चौकाची पेटी: घडीवर काटकोनात दोन समांतर चिरा द्यायच्या आणि मधला भाग पुढे ढकलायचा. हिशोब एवढाच की पेटीची उंची आणि खोली यांची बेरीज पानाच्या लांबीपेक्षा कमी हवी. पान २१ सेंटिमीटर असेल आणि पेटी ९ उंच, ६ खोल, तर बेरीज १५, म्हणजे बंद केल्यावर काही बाहेर डोकावणार नाही. घडी घालण्याआधी शाई संपलेल्या बॉलपेनने पट्टी धरून रेघ दाबून घ्या. यंत्राचा कागद एका दिशेने सहज वाकतो आणि दुसऱ्या दिशेने कुरकुरतो, घडी सहज वाकतो त्या दिशेने घाला. आधी जुन्या कॅलेंडरच्या कागदावर दोनदा करून पाहा.

वेळेचा हिशोब थोडक्यात असा. पहिले दोन आठवडे फक्त नकाशा, रेकॉर्डिंग आणि नातेवाइकांना फोन. तिसऱ्यात अल्बम सोडवणं आणि स्कॅन. चौथ्यात पानं लावणं. पाचवा बांधणी आणि दाराच्या कार्डाला. एखादा आठवडा हुकला तर कार्ड सोडा, पहिले दोन आठवडे कमी करू नका. भावंडांमध्ये मूळ फोटो कुणी ठेवायचे यावर कुरबुर व्हायची शक्यता असेल तर स्कॅनचा एक-एक पेन ड्राइव्ह प्रत्येकाला आत्ताच देऊन टाका. मूळ फोटो आईकडे, ती म्हणेल तोपर्यंत. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवा. सोबत वेखंडाचा तुकडा चालेल, डांबरगोळ्या नकोत.

शेवटची चार पानं कोरी ठेवा. समारंभानंतर दोन-तीन दिवसांनी, घर रिकामं झाल्यावर, तिला आणखी काहीतरी आठवतं. माझ्या अनुभवात ते हमखास होतं.

आज संध्याकाळी चहा झाला की कागद पसरा आणि पहिला प्रश्न हा विचारा: दारातून आत आलं की उजव्या हाताला काय होतं?